यादीतली सात नंबरची कादंबरी

"बाई, बासष्ट आन् त्रेसष्ट नंबरची पानं चिकटलेली हुती, ती मी उघडली," असं आठवीतली संघप्रिया म्हणाली तेव्हा मी कपाटाच्या कुलपात किल्ली घालत होते, आणि किल्ली तशीच अर्धवट राहिली. शुक्रवार, मधली सुट्टी, जानेवारीचा तिसरा आठवडा. बाहेर पाण्याच्या टाकीजवळ पोरांची ढकलाढकली, आणि आत ग्रंथालयात (ग्रंथालय म्हणजे काय, जिन्याखालची एक खोली, तीन लोखंडी कपाटं आणि मी) ही पोर हिरव्या कव्हराची कादंबरी छातीशी धरून उभी. उघडली म्हणजे काय केलंस, असं मी विचारलं. आवाज माझा मलाच चढल्यासारखा वाटला. "चहाच्या पातेल्यावर धरली बाई, वाफेवर. कोपरा फाटला जरासा, पर अक्षर एक गेलं न्हाय." हे तिनं अशा तोऱ्यात सांगितलं की मी तिची पाठच थोपटावी. मी थोपटली नाही. तोंडावर काही दिसू नये म्हणून मी चष्मा काढून पदराला पुसत बसले. चौदा वर्षांत ती पानं कुणी उघडली नव्हती. कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. ती चिकटलेली नव्हती, चिकटवलेली होती. आणि चिकटवणारी मी.

आता यादीचं सांगितलं पाहिजे, नाहीतर ही बाई एवढी कशाला घाबरली असं कुणालाही वाटेल. आमच्या शाळेत दर एप्रिलात, वार्षिक परीक्षा संपली की, सहावी ते नववीच्या पोरांना एक कागद मिळतो. 'सुट्टीत वाचण्यासाठी वीस कादंबऱ्या.' तो कागद माझा. आधी सायक्लोस्टाईल असायचा, हाताला शाई लागायची, आता झेरॉक्स. निम्मे कागद घरी पोचायच्या आत शेंगांच्या पुड्या होतात हे मला ठाऊक आहे, पण उरलेले निम्मे पोचतात ना. मराठीचे शिक्षक दरवर्षी येऊन सांगतात, बाई, यात एखादं थोर पुरुषाचं चरित्र घाला. मी दरवर्षी सांगते, चरित्र ही कादंबरी नव्हे, आणि तुम्ही स्वतः शेवटचं पुस्तक कधी वाचलंत तेही सांगा. मग ते जातात. माझ्याशी फार कुणी बोलत नाही, तोंड फटकळ आहे म्हणतात. असेल. पण पुस्तक निवडायचं माझं माप पक्कं आहे: पोरगं ते जेवताना ताटाशेजारी ठेवतं की नाही. संस्कार, बोध, मूल्यशिक्षण सगळं खड्ड्यात गेलं. अशा वीसांत सात नंबरला ही कादंबरी. नाव सांगत नाही. उगाच कुणीतरी कुठल्यातरी ग्रंथालयात जाऊन पानं उजेडात धरून बघायचं. एका खेड्यातल्या पोराचं एक वर्ष आहे त्यात, नदी, तालीम, हरवलेली कालवड, शाळा तपासायला येणारा साहेब आणि त्याला बघून मास्तरांची उडालेली गाळण. पोरं ती परत द्यायला येतात तेव्हा टेबलाशी रेंगाळतात, ह्याचा फुडचा भाग हाय काय बाई, असं विचारतात. असा भाग नाही हे सांगताना मलाही वाईट वाटतं.

"उद्याच्या स्पर्धेत मी हेच सांगतो," संघप्रिया म्हणाली. कोल्हापूरच्या पोरी सांगतो, जातो, करतोच म्हणतात. टोकून टोकून मी दमले. उद्याची स्पर्धा म्हणजे पुस्तक परिचय स्पर्धा. पाच मिनिटं बोलायचं, मग ऐकणाऱ्यांपैकी कुणीही दोन प्रश्न विचारायचे. "सगळं पुस्तक सांगायचं म्हटलं तर येळ पुरत न्हाय. म्हणून ही दोनच पानं सांगायची. ह्यातच खरी मजा हाय." मजा, म्हणाली. मी तिच्याकडं बघितलं. तेल चापून घातलेल्या दोन वेण्या, दंडावर शाईचा डाग, बाप केएमटीच्या बसवर कंडक्टर. त्यांच्या घरात बुद्धाची तसबीर कुठल्या भिंतीवर असेल ते न जाता मी सांगू शकले असते, कारण आमच्याही घरात त्याच भिंतीवर आहे. हिला कळतंय का ही काय वाचणार आहे, कुणासमोर, सहाशे पोरांसमोर, आणि ती पोरं काय करतील? "पुस्तक ठेवून जा," मी म्हणाले. "कोपरा फाटलाय म्हणतेस, नीट करते. उद्या सकाळी देईन." तिनं एक क्षणही विचार न करता पुस्तक टेबलावर ठेवलं. विश्वास टाकणाऱ्या पोरांचा मला अशा वेळी संताप येतो.

पाच प्रती होत्या. नव्वद साली कुठल्याशा अनुदानातून आल्या, कोऱ्या, शाईचा वास असलेल्या. मी नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती. फाटक्या पुस्तकांसाठी मी घरूनच खळ करून आणायची, मैद्याची, किडे लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद घातलेली, डब्यात निळसर झाक मारणारी. त्या दिवशी कोऱ्या पुस्तकांना खळ लावली. पाच प्रती, प्रत्येकीत बासष्टच्या पानावर बोटानं पातळ हात फिरवायचा, त्रेसष्ट त्यावर मिटायचं आणि वर वजन ठेवायचं. शिवणाऱ्या बायकांना डोळे मिटून सुई ओवता येते तसं मी न बघता ते केलं. अक्षरांवरून नजर फिरू दिली नाही. एकसष्टच्या शेवटाला पोरं सहलीला नदीकाठी निघतात आणि चौसष्टच्या सुरुवातीला परत येतात, त्यामुळं कुणाला काही खटकायचं कारण नव्हतं. पान नंबर कोण बघतंय. मी स्वतःला सांगितलं, लहान मुलांच्या हातात काय द्यावं हे ठरवणं हेच माझं काम आहे, आणि आपल्या लेकरांना तरी ह्यातून जायला लागू नये. वर्षाला पंधरावीस पोरं ते पुस्तक नेतात. त्यात आपली दोनतीन असतात. त्यांच्यासाठी केलं, असं मी चौदा वर्षं मानत आले, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान होता.

अडुसष्ट साली मी गारगोटीला आठवीत होते. गाव दोन मैलांवर, चालत यायचं. पावसाळा संपत आलेला, वर्गात ओल्या गोणपाटाचा वास. मराठीचे सर हौशी होते, ऑफ तास असला की गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवायचे, आवाज काढून, हातवारे करून. तीन आठवडे ही कादंबरी चालली होती आणि मी तिच्यात पार बुडाले होते. कालवड हरवली त्या दिवशी घरी जाताना मी रडले होते. मग ती सहल आली. नदीकाठी सगळी पोरं डबे उघडून बसतात, एक पोरगा लांब, वाळूत, वेगळा बसलेला. आणि बाकीची पोरं त्याच्या आईची नक्कल करतात, ती दारोदार भाकरी मागते तेव्हा कशी हाक घालते त्याची. "वाढा वो आय, शिळंपाकं वाढा." सरांनी ते नाक दाबून, लांबवून, मान वाकडी करून म्हटलं. फार छान म्हटलं. वर्ग फुटला. आणि मग हसता हसता एकेक मान माझ्याकडं वळायला लागली, पहिल्या बाकापासून शेवटच्यापर्यंत, जसं काही कुणी दोरी ओढत होतं. सरही बघत होते. वाईट माणूस नव्हता तो, त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी पुस्तक मिटलं आणि उरलेलं उद्या म्हणाले. माझे कान इतके तापले होते की मी ते हातांनी धरून बसले. त्याच दिवशी आई बाजारात खुरपी घ्यायला आली होती आणि माझा डबा राहिला म्हणून मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी आली. आत यायचा तिला धीर नव्हता. तिथूनच तिनं हाक मारली, "आक्का गंऽ". मैदान ओलांडून येणारी हाक, शेतात घालायची सवय असलेली. झाडाखालच्या पोरांनी ती लगेच उचलली आणि सरांच्या चालीवर म्हणून दाखवली. मी धावत फाटकाशी गेले, भाकरी हिसकून घेतली आणि म्हणाले, शाळंत येत जाऊ नको, आणि हाक तर मारूच नको. ती बरं म्हणाली. मी मॅट्रिक होईपर्यंत ती त्या रस्त्यानं आली नाही. बीए झाले, नोकरी लागली, माझ्या ह्या कोल्हापूरच्या शाळेत आईवडिलांना बोलावून सत्कार झाला एकदा, तेव्हाही ती आली नाही. पाय दुखतायत म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून मी तीन दिवस ताप आल्याचं सोंग केलं. उरलेलं कधी वाचून झालं ते मला ठाऊक नाही. पुढं मी ती कादंबरी स्वतः वाचली, एकदा नाही, आठदहा वेळा, पण सहलीपाशी आले की अंगठ्यानं दोन पानं एकदम उलटायची. कालवड माझी, नदी माझी, तालमीतला मातीचा वास माझा. तेवढी दोन पानं माझी नाहीत, असा मी त्या पुस्तकाशी करार केला होता. म्हणूनच ती यादीत घालताना हात कचरला नाही. पुस्तक चांगलंच आहे, फक्त त्यातला काटा काढलाय, माशातला काढतात तसा.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी केएमटीनं टेंबलाईवाडीला घरी आले तर आई दारात लसूण सोलत बसलेली. माझी आई बायडाबाई, चौऱ्याहत्तर वर्षांची, अक्षरशत्रू, आणि माझ्यापेक्षा फटकळ. मी हातपाय धुतले, चहा केला, आणि पुस्तक पिशवीतून काढून मांडीवर घेऊन तिच्याजवळ बसले. पानं वाफेनं सुरकुतली होती आणि खळीचा पिवळट थर कडेला राहिला होता. आई म्हणाली, "काय गं, हागवण लागल्यागत तोंड का केलंयस?" मी म्हटलं, काही नाही, पुस्तक वाचायचंय. "मग वाच की. मोठ्यानं वाच, मला बी आयकू दे. दिसभर त्या भिताडाकडं बघून कटाळा आलाय." नाही म्हणायला हवं होतं. पण एकटीनं ते वाचण्यापेक्षा बरं, असं वाटलं असावं मला, किंवा वैताग आला असेल. मी बासष्टावरून सुरू केलं, सपाट आवाजात, किराणामालाची चिठ्ठी वाचावी तसं. नकलेपाशीही आवाज तसाच सपाट ठेवला. वाढा वो आय, शिळंपाकं वाढा. आणि आई हसली. खदाखदा हसली, लसणाची सालं उडाली. "अगं, आमच्या आळीतली यल्लव्वा आस्साच सूर लावायची! नाटकी बाई. नवरा जित्ता असून त्वांड करायची रांडवेचं. वाच, वाच फुडं." मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले. छत्तीस वर्षं जे अंगावर वागवलं त्याला ती हसत होती. मला राग आला तिचा, खरंच आला. मग त्रेसष्ट.

त्रेसष्टवर असं होतं. पोरं हसून हसून लोळतात, आणि तो वाळूतला पोरगा उठतो. तो रडत नाही, दगड उचलत नाही. तो म्हणतो, असं न्हाय. माझी आई असं म्हणत न्हाय. मग तो नदीकडं तोंड करून, दोन्ही हात तोंडाशी नेऊन, आईची सांजंची खरी हाक घालतो. "गोदाक्काऽ, रान राखलंय, वाढ. तानूवैनीऽ, सांगावा पोचता केलाय, वाढ." एकेका घरातल्या बाईचं नाव घेऊन, एकेक केलेलं काम सांगून. सबंध गाव तो तिथं नदीकाठी उभं करतो. पुढं लिहिलंय की कुणी हसलं नाही, कारण त्या नावांत प्रत्येकाच्या आईचं नाव होतं, आणि कादंबरीतला आपला नायक, कालवडीवाला, आपला डबा मिटतो आणि त्याला जेवण जात नाही. संपलं. दीड पान सगळं. मी ते पहिल्यांदा वाचत होते, एकोणपन्नासाव्या वर्षी, ग्रंथपाल असून, स्वतःच्या यादीतलं.

आईची बोटं थांबली होती. "लिवणाऱ्याला ठावं हाय की," ती म्हणाली. "नावच घ्यायचं. काम सांगायचं. पर सांजंचं लिवलंय ते चुकलंय, आमी सकाळचं जायचो." तू पण जायचीस, असं मी विचारलं. हे मी कधी विचारलं नव्हतं. इतकी वर्षं एका खोलीत काढली आणि विचारलं नव्हतं. "तर! तू पोटात हुतीस तवा बी गेलतो. छप्पन सालानंतर सोडलं. समद्यांनीच सोडलं, तुज्या बानं तर भाकरीचं टोपलं चुलीत घातलं." मी म्हटलं, मग आता कशाला ते उकरायचं, सोडलं ना. आईनं माझ्याकडं असं बघितलं की मी आठवीत गेले परत. "सोडलं म्हंजे झालंच न्हवतं असं हुतंय व्हय? मी सोडलं, आक्का. माझं मी सोडलं. लाज वाटून न्हाय सोडलं." आणि मग लसणाची पाकळी उचलत तिनं सहज विचारलं, "त्या पोराचं फुडं काय हुतंय?" मी म्हटलं, पुढं तो नाही येत. "मागं?" मागंही नाही. "एवढ्यापुरताच हाय व्हय," आई म्हणाली, आणि उठून आत भाजी बघायला गेली. मी तिथंच बसून राहिले. एवढ्यापुरताच. दोनच पानं होती त्याला, आणि ती मी खळीनं मिटवली होती. कुणासाठी, हा प्रश्न मी त्या संध्याकाळी स्वतःला विचारला नाही. मुद्दाम भांडी घासायला घेतली.

एवढं सगळं झाल्यावर मी शनिवारी सकाळी पुस्तक घेऊन जायला हवं होतं, नाही का? मी पिशवीत घातलंही. मग काढलं. पुन्हा घातलं. आई बघत होती. शेवटी ते बुद्धाच्या तसबिरीखालच्या स्टुलावर ठेवून मी बाहेर पडले. आईला हसू आलं ते आपल्या दारात, दोघीच असताना. तिच्याकडं वळायला सहाशे माना नव्हत्या. पुस्तक नसलं की पोर दुसरं काहीतरी सांगेल, साहेबाच्या तपासणीचं, पोटभर हसतील सगळे, बक्षीसही मिळेल, असा हिशेब मी बसमध्ये केला. शनिवारची सकाळची शाळा, थंडी, संघप्रिया ग्रंथालयाच्या दाराशी हात काखेत घालून उभी. "आणलासा बाई?" विसरले गं, मी म्हणाले. खोटं बोलताना मी नेहमी गं लावते. ती जरा हिरमुसली, आणि मग म्हणाली, "आसू दे की. माजं पाठ हाय."

वरच्या मजल्यावर तीन वर्गांमधल्या फळ्या सरकवून हॉल केला होता. मुख्याध्यापक, बाहेरून आलेले एक निवृत्त शिक्षक परीक्षक म्हणून, भिंतीला लागून आम्ही शिक्षक. माझ्या हातात कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा. संघप्रियाचा नंबर पाचवा. तिनं सुरुवात नीट केली, लेखकाचं गाव, कादंबरीतलं गाव, आणि मग सहल. नक्कल आली. तिनं ती सरांपेक्षाही चांगली केली, मान वाकडी, नाक दाबलेलं, आणि हॉल फुटला. सहाशे पोरं. माझे कान तापले, किल्ल्या बोचायला लागल्या तरी मूठ उघडेना. बस, बस खाली, असं मी मनात ओरडत होते. ती बसली नाही. ती थांबली. हसू द्या सगळ्यांना, मला घाई नाही, असं तोंड करून ती उभी राहिली, इतका वेळ की हसणारांनाच कसंतरी व्हायला लागलं. मग म्हणाली, असं न्हाय. आणि दोन्ही हात तोंडाशी नेले. माईक बाजूला सारला होता तिनं, तिला त्याची गरजच नव्हती. गोदाक्काऽ, रान राखलंय, वाढ. खिडक्यांची तावदानं हलली असं मला वाटलं. कुणी हसलं नाही. मागच्या बाकावरच्या दांडगटांनीसुद्धा नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते येऊ दिलं. कशाचं होतं ते मला सांगता येणार नाही, आनंदाचं म्हणवत नाही.

आणि मग प्रश्न. नववीतली अदिती उठली. हुशार पोर, नेमकी, माझ्या वीसातली अठरा वाचलेली, खोटं बोलायची सवय नसलेली. "सर, मी हे पुस्तक दोनदा वाचलंय," ती परीक्षकांना म्हणाली. "त्यात असा मुलगा नाहीच. हे सगळं हिनं मनानं रचलंय." हॉलमध्ये कुजबुज. "व्हय सर, न्हाय," आणखी एकजण उठला. "मी बी वाचलंय. सहलीला गेली आन् आली, एवढंच हाय." तिसरी उठली, चौथा उठला. सगळे खरं बोलत होते. संघप्रिया माईकपाशी उभी राहून इकडून तिकडं बघत होती. "हाय की," ती म्हणाली. "बासष्ट नंबरचं पान. हाय की वो." तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. परीक्षकांनी समोरच्या कागदावर काहीतरी खोडलं आणि म्हणाले, कल्पनाशक्ती उत्तम आहे, पण पुस्तक परिचय म्हणजे पुस्तकात नसलेलं सांगणं नव्हे, बाळ, हा अप्रामाणिकपणा झाला. मुख्याध्यापक माझ्याकडं वळले. "बाई, कपाटात प्रती असतील ना? एक आणा खाली जाऊन. सोक्षमोक्ष लावू."

कपाटात चार प्रती होत्या, चारही मिटलेल्या. मी बसूनच राहिले. त्या उभ्या असलेल्या पोरांकडं बघत होते. चौदा वर्षांतली मला सगळीच दिसायला लागली, पंधरावीस दरवर्षी, आपली आणि त्यांची, सगळ्यांनी ते गाव वाचलं होतं आणि सगळ्यांना तोंडपाठ होतं, नदी, तालीम, शाळा, कालवड. आणि त्या गावात आमचं एकही घर नव्हतं. एकही माणूस नव्हता. लिहिणाऱ्यानं एक ठेवला होता, तो मी काढला होता, आणि आता तो होता असं सांगणारी पोर सहाशे जणांसमोर लबाड ठरत होती. मुख्याध्यापक पुन्हा म्हणाले, बाई. एखादी प्रत आणून, छपाईत दोष दिसतोय सर, एवढं म्हणून भागलं असतं. तेही माझ्या डोक्यात येऊन गेलं, लपवत नाही.

मी उठले. खुर्ची मागं पडली तिचा आवाज झाला. "ती खरं बोलतीया," मी म्हणाले, आणि शाळेत सतरा वर्षं जपलेली माझी शुद्ध भाषा कुठं गेली कुणास ठाऊक. "पानं हायत. पाचही प्रतींत हायत. मी चिकटवल्यात ती. नव्वद साली." मुख्याध्यापकांनी काहीतरी विचारलं, ते मला ऐकू आलं नाही. सगळा हॉल माझ्याकडं बघत होता आणि मी संघप्रियाकडं. तिच्या तोंडावर सुटल्याचा भाव नव्हता, ती चिडली होती, आणि बरोबरच होतं तिचं. माईक चालू होता, त्यामुळं तिचा श्वास घेतलेलासुद्धा सगळ्यांना ऐकू आला.

"का वो बाई?"

पुष्कळ उत्तरं होती. वर्ग हसला होता म्हणून. सरांनी नक्कल केली म्हणून. तुमच्यासाठी, तुम्हाला लागू नये म्हणून. सगळी थोडी थोडी खरी होती, आणि ती मी चौदा वर्षं पुरवून पुरवून वापरली होती. मी भिंतीपासून दोन पावलं पुढं आले, म्हणजे शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जावं.

"मला माझ्या आईची लाज वाटत हुती," मी म्हणाले.